ताळेबंदावरची सही



हिशेबनिसांच्या नीतीवर मी बोलणार हे कळले तेव्हा माझ्या काही मित्रांना हसू आले. ज्याचे आयुष्य मोंढ्यातले हमाल आणि जिनिंगमधले मजूर यांच्यात गेले, कॉलेजची पायरी ज्याने चढली नाही, त्याने सनदी लेखापालांच्या धंद्याविषयी काय बोलावे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की मी ताळेबंद वाचायला शिकलो तो बोनसासाठी.

बोनसाचे प्रमाण कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के ठरवले आहे. या दोन आकड्यांमधल्या जागेत कामगाराच्या घरची दिवाळी असते, आणि ती जागा किती मोठी हे ताळेबंद ठरवतो. नफ्यातून घसारा जातो, कर जातो, भांडवलावरचा परतावा जातो, आणि मग जे उरते त्यातून वाटणी होते. घसारा हा शब्द मला प्रथम शब्दकोशात पाहावा लागला. पुढे कळले, की यंत्र झिजते त्याहून घसारा अधिक वेगाने वाढू शकतो, आणि ‘इतर खर्च’ या दोन शब्दांच्या पोटात एक सबंध मोटारगाडी मावू शकते.

१९६५ च्या बोनस कायद्यात एक कलम होते. कंपनीच्या लेखापरीक्षकाने रीतसर तपासलेला ताळेबंद न्यायाधिकरणापुढे आला, की तो बरोबर आहे असे न्यायाधिकरणाने धरून चालावे. मालकाने शपथपत्र करून तो शाबीत करण्याची गरज नसे. कामगारांना एखाद्या रकमेचा खुलासा मागता येई, पण गृहीत मात्र सहीच्या बाजूने. पुढे त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. मला सांगायचे आहे ते असे, की साक्षीदाराला न्यायालयात शपथ घ्यावी लागते, उलटतपासणीला उभे राहावे लागते. लेखापरीक्षकाच्या सहीला कायद्याने त्यातून मोकळीक दिली. एवढा विश्वास ज्या सहीवर टाकला, ती सही करणारा माणूस कोणाचा? आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे.

हा प्रश्न आपल्या जुन्या कारभाऱ्यांनाही पडलेला होता. मराठी राज्यात पोतनीस रोकड सांभाळी, फडणीस दप्तर लिही, आणि हिशेब तपासून त्यावर आपली निशाणी करणे हे अमात्याचे, म्हणजे मुजुमदाराचे काम. तिजोरीची किल्ली, लेखणी आणि तपासणी ही तीन कामे तीन माणसांकडे. माणसे त्या काळी आजच्यापेक्षा सज्जन होती म्हणून ही वाटणी केली, असे समजू नका. ती नव्हती म्हणूनच केली.

एकनाथमहाराजांची कथा आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, रात्र सरत आली, आणि चूक सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरू मागे उभे होते. हिशेबनिसांच्या सभांतून ही कथा हटकून सांगतात आणि नाथांसारखे व्हा असा उपदेश करतात. मला त्या कथेत दुसरे माणूस अधिक महत्त्वाचे वाटते. पै सापडावी असे ज्याला वाटत होते, असा धनी नाथांना लाभला होता. आमच्या मुनिमाला लाभतो तो पै हरवून देणारा मुनीम शोधत असतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. कठोपनिषदातून घेतलेले तिचे बोधवाक्य, इतर निजलेले असताना जागा राहणाऱ्याविषयी आहे. बोधवाक्य फार सुंदर. पण आमच्याच मराठवाड्याची १९५६ पर्यंत जी राजधानी होती, त्या हैदराबादेत काय झाले? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कळवले, की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळी नाहीतच. जगातल्या चार बड्या पेढ्यांपैकी एकीच्या इथल्या पेढीने त्या हिशेबांवर वर्षानुवर्षे सही केली होती. बँकेत किती शिल्लक आहे हे बँकेलाच परस्पर विचारावे, हा तर लेखापरीक्षणाचा पहिला धडा. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत पेढीचेही दोघे होते. त्या धक्क्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला, लेखापरीक्षक ठरावीक वर्षांनी बदलण्याची सक्ती झाली, २०१८ मध्ये या व्यवसायावर देखरेखीसाठी निराळे राष्ट्रीय प्राधिकरण आले.

सत्यम लांबची म्हणाल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक तर आपल्या मुंबईची. २०१८-१९ च्या तपासलेल्या हिशेबात नफा जवळजवळ १०० कोटी, थकीत कर्जे चार टक्क्यांच्याही आत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि नऊ लाखांवर ठेवीदारांना सांगण्यात आले, की सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढा. एकाच बांधकाम समूहाला दिलेले सुमारे साडेसहा हजार कोटींचे कर्ज २१,०४९ बनावट खात्यांआड लपवले होते, असे फिर्यादीत म्हटले होते. मी त्या आकड्यापाशी नेहमी थांबतो. एकवीस हजार खाती एक माणूस एका रात्रीत उघडत नाही. कोणी तरी संगणकापुढे बसून नावे भरली असतील. त्यालाही महिनाअखेर पगार मिळत असेल, घरी लेकरे असतील. अपराध कोणाचा हे न्यायालयाने ठरवावे. मला दिसतो तो बोटे चालवणारा कारकून.

तसा एक माणूस मी जवळून पाहिला. एका जिनिंग कारखान्यात मजुरांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची कपात होई. भरणा मात्र कित्येक महिने झालेला नव्हता. आयकरासाठी तपासणी होते तेव्हा लेखापरीक्षकाने ३ सीडी नावाचा नमुना भरायचा असे. मजुरांकडून कापलेली रक्कम किती, भरण्याची अखेरची तारीख कोणती, आणि प्रत्यक्ष भरली कधी, हे त्यात लिहावे लागे. तिथे ‘लागू नाही’ असे लिहिले होते. मी तिथल्या वृद्ध मुनिमांना विचारले, “काका, हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं?” ते म्हणाले, “भाऊ, सुटलं नाही. अक्षर माझं आहे, आकडा माझा नाही. उद्या मी नाही म्हणालो, तर परवा या गादीवर दुसरा बसंल. अन् पोरीचं लगीन चैत्रात हाय.” त्या माणसाला नीतीचे पाठ्यपुस्तक कोणते द्यावे? त्याला नीती माहीत होती. त्याला नाही म्हणायची ऐपत नव्हती.

म्हणून शिक्षणाविषयी बोलताना मी थोडा साशंक असतो. सनदी लेखापालाच्या मधल्या परीक्षेत आता लेखापरीक्षणाच्या जोडीने नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे, अखेरच्या परीक्षेतही व्यावसायिक नीती आहे. चांगलेच झाले. पण बी.कॉम.च्या वर्गातली गणिते पाहा. प्रत्येक उदाहरण अखेरीस जुळतेच. जुळले की उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पोराच्या मनात ठसते, की जुळणे म्हणजेच खरे असणे. बाजारात अनुभव उलटा. खोटा हिशेब पैशापैशाला जुळतो, खरा जुळवताना घाम फुटतो. मालक खुर्ची पुढे ओढून “एवढे करून टाका” म्हणतो, असे एकही उदाहरण त्या पुस्तकांत नाही. ते उदाहरण विद्यार्थ्याला भेटते उमेदवारीत. ती पूर्वी तीन वर्षांची असे, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली. तिथे वरिष्ठ जे करतात ते तो शिकतो. पेपरात काय लिहिले हे विसरतो. काही ठिकाणी तर उमेदवारी नुसती कागदावर, मुलगा शिकवणीवर्गात आणि हजेरी कचेरीत. नीतीच्या धंद्यात शिरतानाचा पहिला दाखलाच खोटा! लेखापालांच्या नावाने बनावट दाखले इतके निघू लागले, की २०१९ पासून प्रत्येक सहीमागे निराळा ओळखक्रमांक घेण्याची सक्ती करावी लागली.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. मोठ्या कंपन्या इथे फारशा नाहीत. इथली बचत हळदीची, सोयाबीनची, शिक्षकाच्या निवृत्तीची. आणि ती पुष्कळदा पतसंस्थेत असते, कारण तिथे अर्धा-एक टक्का व्याज जास्त. बीडहून चालणारी ज्ञानराधा मल्टिस्टेट २०२३ साली अडचणीत आली, तेव्हा मराठवाड्यातल्या किती घरांत चूल विझल्यासारखे झाले हे मी सांगायला नको. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेला ते संरक्षण नाही. तिथे ठेवीदाराचे संरक्षण एकच, लेखापरीक्षकाची सही.

आणि ती सही कशी येते? महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्थेची सर्वसाधारण सभाच शासनाच्या नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमते, आणि मेहनताना संस्था देते. अफरातफर आढळली तर लेखापरीक्षकाने निबंधकाकडे विशेष अहवाल द्यावा, न दिल्यास तो अपात्र ठरेल, असेही कायदा म्हणतो. पण ज्याच्याविरुद्ध अहवाल द्यायचा त्याच्याच हातून पुढच्या वर्षीची नेमणूक आणि या वर्षीचे बिल! सभेत विषय वाचला जातो, मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ येते, चिवड्याच्या पुड्या फिरतात. पूर्वी खात्याचे लेखापरीक्षक येत. तेही सगळे धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणत नाही, त्यांच्या तपासण्या वर्षानुवर्षे रेंगाळत. जुने परत आणा, ही माझी मागणी नाही.

माझी सूचना हमालांकडून घेतलेली आहे. हमाल व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहून मजुरी घेई, तोवर व्यापारी देईल ती मजुरी आणि म्हणेल तो हिशेब. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे आली. जिथे तो कायदा नीट चालतो तिथे व्यापारी मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ हमालाला देते. पोत्याचे वजन किती हे सांगताना हमालाला कोणाची भीड धरावी लागत नाही. मग लेखापरीक्षकाचा मेहनताना असाच एखाद्या मंडळाकडे का भरू नये? संस्थेने ठरलेला दर भरावा, मंडळाने पाळीपाळीने माणूस पाठवावा, पैसे मंडळाने द्यावेत. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे संरक्षण १९६९ साली मिळाले, ते कोट घालून खुर्चीत बसणाऱ्याला अजून नाही, हे मोठे गमतीचे आहे. लेखापाल मित्र या सूचनेवर रागावतात. हमालाशी तुलना त्यांना आवडत नाही. हमालांना मात्र चालते.

आणि मुनीम, कारकून, रोखपाल यांची संघटना हवी. लबाड नोंद करण्यास नकार दिला म्हणून नोकरी गेली, तर तो तंटा संघटनेने आपला म्हणून लढवावा. वेतनवाढीच्या मागणीइतकीच ही मागणी मोठी आहे. आमच्या कामगार संघटनांनाही १९२६ च्या कायद्यापासून दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठवावा लागत आला आहे. तो हिशेब फलकावर लावल्याशिवाय आम्हाला दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखवता येणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातचे एक काम आहे. पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. सभासदाला संस्थेच्या कचेरीत जाऊन शेवटचा तपासलेला ताळेबंद फुकट पाहता येतो, शुल्क भरून नक्कल मागता येते. कायद्याच्या ३२ व्या कलमात हे आहे. पण त्याआधी घरी गेल्यावर आपले पासबुक आणि ठेवपावती काढून पाहा. ठेव घेताना पुष्कळांना ‘नाममात्र सभासद’ करून घेतलेले असते. नाममात्र सभासदाला सभेत मत नसते. ज्याचे पैसे आहेत तोच लेखापरीक्षकाच्या नेमणुकीला हात वर करू शकत नाही. तुमच्या पावतीवर कोणता शब्द आहे तो वाचा, आणि शंका असेल तर उद्या सकाळी कचेरी उघडल्यावर विचारा.