फासकी आणि पंचशील

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचशीलातील पहिल्या शीलावर मी बोलावे, असे संयोजकांनी मला सुचविले. या शीलावर आपण दरवर्षी ऐकतो, माना डोलावतो आणि घरी जातो. म्हणून यंदा मी ते शील आपल्या शेताच्या बांधावर नेऊन ठेवणार आहे. त्याला निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. मागे एका शिबिरात पंचशीलाचे विवेचन चालू असताना मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, डुकरांनी सगळा भात लोळवल्यानी. आता आमी काय नुसता पंचशील म्हणत ऱ्हवाचा?" सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच्या घरी वर्षाचे भात तेवढेच होते.

त्या मुलाचे गाऱ्हाणे खरे आहे, हे प्रथम मान्य करू या. मालवणपासून सावंतवाडी-दोडामार्गपर्यंत कोणत्याही गावात जा, शेतकरी हेच सांगेल. भात पोटरीत आले की रानडुकरांचा कळप रात्री येतो. तो खातो थोडे आणि लोळवतो फार. नारळीवर माकडे चढतात आणि कोवळी फळे खाली टाकतात. साळू सुरण, रताळी उकरते. कातळावरचे ससे चवळीचे कोवळे कोंब खातात. कोल्हा कोंबडी उचलतो. वरच्या भागात गवे आहेत आणि २००२ पासून दोडामार्गाच्या बाजूला कर्नाटकातून हत्तीही येऊ लागले. शहरातून येणाऱ्या पाहुण्यास हे सारे निसर्गसौंदर्य वाटते. ज्याचे पीक जाते त्यास ते वाटणार नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी दयेचे धडे देऊ नयेत.

पण हा उपद्रव एवढा वाढला कसा? वडीलधाऱ्यांना विचारा. पूर्वीही डुकरे होतीच. परंतु तेव्हा एका कोपऱ्यातील सगळे कुणगे लागवडीखाली असत, प्रत्येकाचा माळा असे, रात्री एका माळ्यावरून हाळी दिली की दुसऱ्या माळ्यावरून उत्तर येई. आज घरातली कर्ती माणसे मुंबईस. दहा कुणग्यांपैकी सात पड, त्यांत रान माजलेले, आणि मधल्या तीन कुणग्यांत कोणी एकटी म्हातारी भात लावते. डुकराला लपायला जागा आणि खायला अन्न दोन्ही शेजारी शेजारी मिळाले. गडगे ढासळले, वंय कोणी बांधीना. माणसांनी सोडलेल्या जागेत जनावर आले, एवढा साधा हा हिशेब आहे. तो समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

उपाय म्हणून मग फासकी येते. पूर्वी ती काथ्याची किंवा वाखाची असे, आता मोटारसायकलच्या क्लचवायरची असते. गडग्याला खिंडार पडलेले असते, त्यातून जनावराची वाट पडलेली असते. त्या वाटेवर तारेचा सरकता फास लावायचा आणि दुसरे टोक खुंटाला नाहीतर झाडाच्या मुळाला बांधायचे. जनावर पुढे जाते तसा फास आवळतो. ते जितके ओढते तितका तो रुततो. काथ्या कधी तुटायचा तरी, तार तुटत नाही. लावणारा घरी जाऊन झोपतो आणि सकाळी बघायला येतो. येतोच असेही नाही. पाऊस लागला, कोणाकडे कार्य निघाले, तर दोन-दोन दिवस फिरकत नाही.

या वाटेने केवळ डुक्कर जात नाही. डुकराच्या मागावर बिबट्या जातो, भेकर जाते, साळू जाते, शेजाऱ्याचा कुत्रा आणि चरायला सोडलेले वासरूही जाते. 'फासकीत अडकून बिबट्या मृत' ही बातमी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत इतक्यांदा छापून आली आहे की वाचणाऱ्याला तिचे काही वाटेनासे झाले आहे. बिबट्या पुष्कळदा कमरेत अडकतो. डोके आणि पुढचे पाय निघून जातात आणि फास पोटावर बसतो. सुटण्यासाठी तो उसळ्या मारतो, आतले अवयव चिरडतात. बेशुद्ध करण्याचे औषध घेऊन डॉक्टर येईपर्यंत तास जातात. पुष्कळदा जनावर सोडवले जाते, पिंजऱ्यात घातले जाते, वरून धडधाकट दिसते आणि नंतर मरते. आता यातली गंमत पाहा. डुकराची पिल्ले खाणारा आपल्या रानातला मोठा प्राणी हाच. डुक्कर कमी व्हावे म्हणून लावलेल्या तारेने आपण डुकराचा वैरी मारतो.

कोल्ह्याचेही तेच. कोंबडी नेतो म्हणून त्याच्या नावाने शंख करतात. पण भाताच्या बांधातले उंदीर आणि खाडीकाठचे कुर्ले हे त्याचे नित्याचे अन्न आहे. इंग्रजी पुस्तकांतला तो झुपकेदार शेपटीचा 'फॉक्स' म्हणजे आपला कोल्हा नव्हे. त्याच्या जवळचे आपले जनावर म्हणजे देशावरच्या माळरानातले खोकड. सशाचेही पुस्तकातले चित्र वेगळे आहे. बिळे करून शेकड्याने वाढणारा ससा युरोपातला. १८५९ मध्ये एका इंग्रज जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर तो ऑस्ट्रेलियात सोडला आणि त्याने तिथली कुरणे फस्त केली. आपला ससा बीळ करीत नाही, गवताच्या आडोशाला पडून राहतो. त्याला त्या सशाच्या गुन्ह्याची शिक्षा नको.

आता शीलाकडे येतो. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी अहिंसेचा विचार फार स्वच्छ केला आहे. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, तो आंधळा नियम नव्हे, असे ते म्हणतात. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी ते वेगळ्या करतात. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. अंगावर आलेल्या डुकराला जो काठी घालतो, त्याची गरज मला समजते. आपला कायदाही ती समजतो, स्वसंरक्षणासाठी केलेली कृती तो गुन्हा मानीत नाही. पण फासकी लावणारा कोणाला मारतो आहे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. मग त्याने गरज ठरवली कशी? गरज ठरवायची तर समोर काय आहे ते पाहावे लागते. फासकी हे न पाहता मारण्याचे साधन आहे. सम्यक् आजीविकेच्या उपदेशात भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत प्राण्यांचा, मांसाचा आणि विषाचा व्यापार आहे. डुकराचे मटण गुपचूप विकण्यासाठी जे तारा लावतात, ते भाताचे राखण करीत नाहीत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

याला दुसरी साक्ष आपल्या कोकण किनाऱ्याचीच आहे. सध्याच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा आठवा लेख कशाबद्दल आहे? पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीस जाऊन धम्मयात्रा सुरू केली, असे त्यात सांगितले आहे. पुढे सव्विसाव्या वर्षीच्या स्तंभलेखात त्याने अवध्य प्राण्यांची यादीच दिली. तीत साळू आहे. जीव मारण्यासाठी रानाला आग लावू नये, असेही त्या लेखात आहे. आपल्याकडे जनावर हुसकण्यासाठी वणवा लावणाऱ्यांनी हे ऐकावे.

लहान मुलांसाठी जातकातील एक कथा सांगून पुढे जातो. कुरुंगमृग, सुतारपक्षी आणि कासव हे तिघे एका तळ्याकाठी राहत. हरिण चामड्याच्या फासात अडकले. कासवाने रात्रभर वादी कुरतडली आणि सुतारपक्ष्याने दारातच पारध्याच्या तोंडावर झडप घालून त्याला अपशकुनाच्या भीतीने थांबवून धरले. कासवाच्या तोंडातून रक्त आले तरी वादी तुटली. क्लचवायर असती तर ते कासव काय करणार होते?

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातील पुष्कळांना तो ठाऊक नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दातच फास लावणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे येते. जनावर अडकले नाही तरी गुन्हा होतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून बिबट्याबरोबर कोल्हाही पहिल्या परिशिष्टात आहे. त्यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. 'मी डुकरासाठी लावली होती' हे सांगून सुटका होत नाही, कारण रानडुक्कर आणि ससाही दुसऱ्या परिशिष्टात संरक्षित आहेत.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. पकडला कोण जातो? तार लावणारा हात बहुधा गड्याचा असतो, बागेच्या राखणदाराचा असतो, रोजावर आलेल्याचा असतो. बाग ज्याची तो मुंबईत असतो. कायद्यात चिथावणी देणाऱ्यालाही शिक्षा आहे, पण त्याच्या तोंडच्या शब्दाला साक्षीदार नसतो आणि तारेला हाताचा माग असतो. या देशात फासाच्या नावाने एक अख्खी जात ओळखली गेली. फासेपारध्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले, तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ उजाडले, आणि पोलिसांच्या मनावरून तो अजून पुसलेला नाही. आपल्या जिल्ह्यात आणि गोव्यात वानरमारे आहेत. त्यांचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडले. कायद्याने धंदा बंद झाला, तो झाला हे योग्यच, पण त्यांच्या हातात जमीन किंवा दुसरे काम कोणी दिले नाही. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतो, त्या दयेच्या हिशेबात ही माणसेही धरावीत.

परदेशातही हा वाद आहे. ब्रिटनमध्ये ससे आणि खोकडे मारण्यासाठी तारेचे फास शतकानुशतके लावीत. लोखंडी जबड्यांचा सापळा इंग्लंडात १९५८ पासून बंद झाला. फासांवर वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये पूर्ण बंदी घातली. तिथेही शेतकऱ्यांनी विचारले की मग आम्ही करायचे काय?

आपण करायचे काय, ते सांगतो. नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे लेखी अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा आणि अर्जाची पोच मागावी. आपली माणसे 'कोण जातो खेटे घालायला' म्हणून सोडून देतात. अर्ज लिहिता न येणाऱ्या घरांसाठी हे काम विद्यार्थ्यांनी करावे. दुसरे, सौरकुंपण. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रातून क्षणभराचा झटका बसतो, जनावर मरत नाही, पण वाट सोडते. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर डुक्कर खालून शिरते, आणि तारेला टेकणारे गवत सतत कापावे लागते. त्यासाठी शासनाची अनुदान योजना आहे, वनक्षेत्रपालांकडे चौकशी करावी. मात्र घरातल्या मीटरची वीज थेट तारेत सोडणे म्हणजे माणूस मारणे. गावठी बॉम्बबद्दल तर बोलायलाच नको. तो कुत्र्याच्या, गुराच्या आणि पोराच्या हाती कधी लागेल याचा नेम नाही.

पण एकट्याच्या कुंपणाने डुक्कर फक्त शेजारणीच्या शेतात जाते. म्हणून कुणगे एकत्र घेऊन एकच कुंपण घालावे, पड जमिनीतले रान गणपतीपूर्वी तोडावे, मुंबईकर भावांनी त्याचा खर्च द्यावा. गडग्याची खिंडारे बुजवायला चार माणसे आणि एक दिवस पुरतो. भात पोटरीत असताना पंधरा-वीस रात्री पाळीने राखण झाली तरी पुष्कळ पीक वाचते. आपल्या तरुणांनी सुट्टीत येऊन दोन रात्री त्या म्हातारीच्या माळ्यावर काढाव्यात.

शेवटी एक सूचना. कोठेही जनावर फासकीत अडकलेले दिसले तर जवळ जाऊ नका, फोटोसाठी गर्दी करू नका, ओरडू नका. गर्दी पाहून जनावर अधिक उसळते आणि तार अधिक रुतते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि लोकांना लांब थोपवून धरा. फासकी नुसतीच लावलेली दिसली तर वनरक्षकाला कळवा आणि त्याच्याबरोबर जाऊन ती काढा. भाद्रपदात सुट्टीच्या दिवशी आपल्या वाडीच्या बांधांवरून असा एक फेरा मारण्यासाठी ज्यांना यायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर संयोजकांकडे नाव द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.