आवडी अनेक, प्रश्न एक



महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभ आणि करमणुकीचे कार्यक्रम यांच्यामध्ये उभा असलेला अडथळा म्हणजे प्रमुख पाहुणा, याची मला पूर्ण कल्पना आहे. मागच्या रांगेतून अवेळी टाळ्या सुरू झाल्या की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हेही मला कळतं. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

मघाशी वार्षिक अहवाल वाचला जात होता, तेव्हा काही नावं पुन्हा पुन्हा कानावर पडली. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी रांगोळीतही होती आणि श्रमसंस्कार शिबिरातही होती. कबड्डीच्या संघातल्या एका मुलाला हस्ताक्षराचं बक्षीस आहे. अशा मुलामुलींचं घरी आधी कौतुक होतं आणि मग बारावीनंतर कधीतरी काळजी सुरू होते. आजी म्हणते, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ वडील म्हणतात, ‘अरे, एक काहीतरी धर.’

मी मासिकाचा संपादक. माझ्याकडे तुमच्या वयाच्या मुलांची पत्रं येतात. त्यांतला मजकूर साधारण असा असतो : ‘सर, मला स्वयंपाकाची आवड आहे, किल्ले फिरतो, क्रिकेटची आकडेवारी तोंडपाठ आहे, बोलीभाषांबद्दलही कुतूहल आहे. नियमित लिहायचं आहे, पण कशावर लिहू? एकावर लिहायला बसलो की बाकीचे तीन विषय रुसतात.’ आज मी या पत्राचं जाहीर उत्तर देणार आहे.

चिंध्यांचीच गोधडी होते, असं म्हणून मला इथे टाळ्या घेता येतील. पण गोधडी आपोआप शिवली जात नाही. कुणीतरी बसून टाके घालावे लागतात, आणि ते कसे घालायचे हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून मी तुम्हाला तीन माणसांचं काम सांगतो. तिघंही आपल्या पुण्यात वावरलेली.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातल्या कोसबेन गावचा. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. मुलगा हार्वर्डला शिकला आणि परत येऊन गणिताचा प्राध्यापक झाला. बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते 1962 पर्यंत होते. राहायला पुण्यात आणि कामाला मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनने येणं-जाणं. गणिताच्या माणसाने गणितच करावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. या गृहस्थांनी काय केलं? नाणी तोलली, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर दगडी हत्यारं शोधली, गावाबाहेरच्या देवींची ठाणी धुंडाळली. वर 1944 मध्ये आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र दिलं. पिकांवर संशोधन करणारे लोक आजही ते कोसंबींच्या नावानेच वापरतात.

वरवर पाहिलं तर भाराभर चिंध्या. आता जवळ जाऊन पाहू.

संख्याशास्त्र नुसतं पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखाद्या खऱ्या प्रश्नाला लावून पाहावं, म्हणून ते आहत नाण्यांकडे वळले. आहत नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे. त्यांच्यावर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशी चिन्हं ठोकलेली असतात. राजाचं नाव नाही, साल नाही. मग जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे ओळखायचं कसं? कोसंबींनी अगदी बाजारातला विचार केला. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. एकाच वजनाची पाडलेली नाणी जितकी अधिक वर्षं फिरतील तितकं त्यांचं सरासरी वजन उतरेल, आणि एका नाण्याच्या नि दुसऱ्याच्या वजनातला फरकही वाढत जाईल. हे खरंच असं होतं का, ते ताडून पाहायला त्यांनी चालू व्यवहारातली हजारो नाणी काट्यावर घातली. डोळ्यांसमोर आणा : गणिताचा विद्वान बसून रोजच्या वापरातलं एकेक नाणं तोलतोय आणि वहीत आकडा मांडतोय! मग तोच हिशेब त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या ठेव्याला लावला आणि कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, याचा क्रम लावून दाखवला.

इथे काम संपलं असतं. पण क्रम लागला तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. ही नाणी पाडली कुणी? ते समजायला पुराणं, बौद्ध आणि जैन ग्रंथ वाचायला हवेत. त्यासाठी संस्कृत पक्कं हवं. संस्कृत पक्कं करायला भर्तृहरी हाती घेतला, तर दिसलं की प्रत्येक हस्तलिखितात श्लोक वेगळे. मग शेकडो हस्तलिखितं ताडून 1948 मध्ये आवृत्ती सिद्ध केली. ती करताना आणखी एक प्रश्न आला : हा कवी कोणत्या समाजात जगत होता? त्या समाजात शेती कोण करत होतं, आणि कविता ऐकायला कुणाला वेळ होता? याचं उत्तर एकट्या पोथीत मिळेना, तेव्हा गडी पायी निघाला. तुकाई, बोल्हाई, यमाई अशा देवींची ठाणी गावाबाहेर, जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे का, हे पाहताना त्यांना आसपास बारीक दगडी हत्यारं मिळाली. गावं वसायच्याही आधी गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या वाटांपर्यंत त्यांनी तो माग नेला.

या सगळ्याला जोडणारा प्रश्न कोणता? तो 1956 साली त्यांच्या भारतीय इतिहासावरच्या पुस्तकात स्पष्ट दिसला. राजा कोण होता यापेक्षा लोकांच्या हातात नांगर होता का, हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. म्हणजे सामान्य माणूस कसा जगत होता, हा तो प्रश्न. नाणं, श्लोक, दगड आणि देवी हे त्या एका प्रश्नाचे चार साक्षीदार.

पण लक्षात घ्या, पहिलं नाणं काट्यावर ठेवलं तेव्हा त्यांनी ‘आता मी सामान्य माणसाचा इतिहास लिहिणार’ असा फलक दारावर लावला नव्हता. मधे जवळजवळ पंधरा वर्षं गेली. सूत्र आधी ठरलं नाही, कामातून वर आलं. आपली गाडी नेमकी इथेच अडते. आपल्याला आधी नाव हवं, बोधचिन्ह हवं, विषय हवा, आणि पहिला लेख नंतर. प्रत्येक काम नेटाने तडीला नेलं म्हणून कोसंबींना पुढचा प्रश्न दिसला. अर्धवट टाकलेल्या कामातून पुढचा प्रश्न निघत नाही.

दुसरे दिनकर केळकर. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचे आणि त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. आणि नाद? गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवायच्या. दिवे, कुलपं, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, वाद्यं, दारांच्या चौकटी. पत्नी कमलाबाई या कामात बरोबरीने होत्या.

तिथल्या अडकित्त्यांसमोर पाच मिनिटं उभे राहा. काम एवढंच की सुपारी कातरायची. पण कुणी त्याला पोपट केलाय, कुणी घोडा केलाय, कुणी स्त्री-पुरुषाची जोडी. शेजारी वज्री, पायाच्या टाचा घासायची. तिच्यावर मोर बसवलाय, घुंगरू लावलेत. टाच घासायच्या वस्तूवर इतकी कलाकुसर! तेव्हा कळतं की हा माणूस हाती लागेल ते गोळा करत नव्हता. घरातली, हाताळून झिजलेली, चार माणसांच्या वापरातली वस्तू सुंदर आहे का, ही त्यांची कसोटी होती. या एका कसोटीमुळे दौत आणि दार एका छताखाली शोभून दिसतात. कसोटी लागली की काय घ्यायचं ते कळतं, आणि त्याहून मोलाचं म्हणजे काय सोडायचं तेही कळतं.

तिसऱ्या इरावती कर्वे. माणसांची मापं घेणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ, उत्खननात भाग घेतलेल्या, ललित निबंध लिहिणाऱ्या, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चाललेल्या. भारतातल्या नातेव्यवस्थेवर त्यांनी 1953 मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि 1967 मध्ये मराठीत ‘युगान्त’. एक शास्त्रीय ग्रंथ, दुसरं महाभारतावरचं पुस्तक. पण कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे बघणारी बाई तीच आहे, जिने खेडोपाडी सासू, नणंद, दीर, मामा यांच्या नात्यांची टिपणं काढली होती. विषय बदलला, नजर बदलली नाही. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट की ते पुस्तक दुसऱ्या कुणाला तसं लिहिता आलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, ही थोर माणसं. आमचं काय? आम्हाला एफवायची एटीकेटी सोडवायची आहे.

तर तुमच्याच आठवडे बाजाराकडे वळू. मघाच्या पत्रातला तो मुलगा घ्या : स्वयंपाक, भटकंती, आकडेवारी, बोलीभाषा. चार विषय जोडायचं त्याने सोडून द्यावं आणि दर आठवड्याला बाजारात जावं. कोणत्या महिन्यात कोणती रानभाजी येते आणि ती कशी करतात, हे भाजीवाल्या मावशींना विचारावं. मिरची कोणत्या गावाहून, कोणत्या वाटेने येते, ते त्या गावाला जाऊन पाहावं. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई वजा होऊन हातात काय उरतं, याचा हिशेब मांडावा. बैलबाजारात जावं. तिथे अजूनही कुठे कुठे दोघं जण उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करतात. कोणतं बोट धरलं की किती, बोटं दाबली की काय, ही सगळी भाषा आहे आणि गणितही आहे. तोंडाने एक शब्द नाही आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला पत्ता नाही! चारही आवडी एका बाजारात कामाला लागल्या. प्रश्न एकच राहिला : आपल्या तालुक्यात वस्तूची किंमत ठरते कशी? यावर वर्षभर लिहिता येईल. आणि ते माझ्यासारखा संपादक आनंदाने छापेल, कारण असं लिहिणारे माझ्याकडे फार कमी येतात.

तुम्हाला बाजार नको असेल तर नदी घ्या, एसटी स्टँड घ्या, तुमच्या घराण्याचा व्यवसाय घ्या. हे कसं शोधायचं? आजवर तुम्ही जे काही मनापासून केलंत, म्हणजे लेख, चित्रं, काढलेले फोटो, सादर केलेले प्रकल्प, ते एका सतरंजीवर मांडा. विषयांची नावं बाजूला ठेवा आणि प्रत्येकात तुम्ही नेमकं काय बघत होतात, ते एका ओळीत लिहा. किल्ल्यावर गेल्यावर कुणी बुरुज बघतो, कुणी पाण्याची टाकी बघतो, कुणी तिथे ताक विकणाऱ्या बाईशी बोलत बसतो. टाकी बघणाऱ्याने स्वयंपाकावर लिहिलं तरी तो पाण्यावरच येतो. ज्या गोष्टीवर तुम्ही न ठरवता पुन्हा पुन्हा येता, तिथे तुमचं सूत्र असतं. स्वतःला दिसत नसेल तर मित्राला विचारा. शेलापागोट्यांच्या वेळी तुमचे मित्र तुम्हाला किती अचूक ओळखतात, याचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सगळ्याच आवडी एका सूत्रात ओवायचा हट्ट धरू नका. कोसंबींचं ते आनुवंशशास्त्रातलं सूत्र त्यांच्या इतिहासात कुठे बसत नाही, आणि त्यामुळे दोहोंचं काहीही बिघडलं नाही. एखादी आवड नुसत्या आनंदासाठी असू द्या. पेटी वाजवायला आवडते ना, मग वाजवा. तिच्यावर लेख लिहिलाच पाहिजे असं नाही.

आणि पालक इथे बसले आहेत, त्यांना हात जोडून विनंती. मुलगी चार गोष्टी करते म्हणून तिला थांबवू नका. फक्त हातात घेतलेली गोष्ट ती पुरी करते का, एवढं बघा. करत असेल तर काळजीचं कारण नाही.

मित्रहो, तुमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक मी चाळला. कविता आहेत, प्रवासवर्णनं आहेत, मोबाइलचे फायदे-तोटेही आहेत. पुढच्या अंकासाठी माझं तुम्हाला आव्हान आहे. तुमच्यापैकी पाच जणांनी एकेक प्रश्न घ्यावा, असा की ज्याचं उत्तर याच तालुक्यात फिरून मिळेल. प्रत्येकाने त्या एका प्रश्नावर आपल्या सगळ्या आवडी कामाला लावाव्यात आणि दिवाळीपर्यंत लेख पुरा करावा. विद्यार्थी प्रतिनिधींनी ते पाचही लेख माझ्याकडे पाठवावेत. त्यांतले चांगले उतरलेले लेख मी आमच्या मासिकात, तुमच्या नावानिशी आणि मानधन देऊन छापेन. हा शब्द मी प्राचार्यांच्या साक्षीने देतो आहे, तेव्हा मला मागे हटता येणार नाही आणि तुम्हालाही.

बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचं अभिनंदन. ज्यांना बक्षीस नाही त्यांनी उद्यापासून प्रश्न शोधायला लागावं.