टेकऑफनंतर एक इंजिन बंद पडलं तर?

फैजपूरहून बोलतोय. आमचे केळीच्या धंद्यातले एक काका पहिल्यांदाच विमानात बसणार होते, जळगाव ते पुणे. मला म्हणाले, "दोनच पंखे दिसतात भो. त्यातला एक बंद पडला मंग?" प्रश्न एकदम रास्त आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच.

थोडक्यात उत्तर: विमान पडत नाही. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला मान्यता देतानाच अट असते की टेकऑफच्या नेमक्या नाजूक क्षणी एक इंजिन गेलं तरी उरलेल्या एकावर त्याला चढता आलं पाहिजे. चाकं आत घेतल्यावर शंभर मीटर पुढे गेलं की किमान २.४ मीटर वर. चढ फार नाही, पण पुरतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर कमी पडतो. मग हा हिशेब जुळवायला कधीकधी विमानातलं वजन कमी करावं लागतं.

रनवेवर धावताना एक वेग ठरलेला असतो, व्ही-वन. तो प्रत्येक उड्डाणासाठी वेगळा काढतात. त्याआधी इंजिन गेलं तर ब्रेक मारायचा. त्यानंतर गेलं तर थांबायचं नाही, उडायचंच, कारण पुढे थांबायला रनवे उरलेला नसतो.

समजा हवेत गेल्या गेल्या डावं इंजिन गेलं. बैलजोडीतला एक बैल बसला तर गाडी त्याच बाजूला वळते ना? तसंच विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. पायलट उजव्या पायाने रडर दाबून नाक सरळ ठेवतो, चाकं आत घ्यायला सांगतो आणि मग... इंजिनाच्या बटणांना हातच लावत नाही! साधारण ४०० फूट उंची गाठेपर्यंत फक्त विमान उडवायचं. मला हा नियम फार आवडतो. ऑन-कॉल काम करणाऱ्यांना माहीत आहे, रात्री दोनला सिस्टीम कोसळली की हात आधी रीस्टार्टकडे जातो. कॉकपिटमध्ये तोच हात मुद्दाम रोखून धरायला शिकवतात.

उंची मिळाल्यावर एक जण उडवतो, दुसरा बिघडलेल्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवून कुठलं इंजिन ते मोठ्याने म्हणतो आणि थांबतो. पहिला स्वतः बघून "हो" म्हणतो, तेव्हाच लिव्हर हलते.

एवढी कटकट कशाला? तर तैपेईमुळे कळेल. ४ फेब्रुवारी २०१५. ट्रान्सएशियाचं एटीआर ७२, म्हणजे आपल्या जळगावला येतं त्याच जातीचं विमान. टेकऑफनंतर उजव्या बाजूची वॉर्निंग वाजली. एका मिनिटाच्या आत कॅप्टनने डावं, म्हणजे चांगलं इंजिन बंद केलं. चूक लक्षात येईपर्यंत उंची संपली होती. विमान उड्डाणपुलाला घासून नदीत पडलं. ५८ पैकी ४३ जण गेले. उरलेलं इंजिन त्या सगळ्यांना परत आणू शकलं असतं.

पण सगळं पायलटच्या हातात असतं असंही नाही. मुंबई, १२ ऑक्टोबर १९७६, मध्यरात्र उलटलेली. सांताक्रूझहून मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल, फ्लाइट १७१. (२०२५ च्या अहमदाबादच्या विमानाचा नंबरही हाच, पण तो योगायोग. तिथे दोन्ही इंजिनांचा जोर गेला होता, तो विषय वेगळा.) या कॅराव्हेलच्या इंजिनातल्या कॉम्प्रेसरच्या एका चकतीला धातू थकून तडा गेला होता. टेकऑफनंतर ती फुटली, तुकड्यांनी इंधनाची नळी कापली आणि आग लागली. पायलट लगेच मागे वळले. रनवे जवळ आला होता, पण आगीने हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केली आणि शेवटच्या काहीशे फुटांत ताबा सुटला. ९५ पैकी कुणीही वाचलं नाही. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्याच विमानात होती.

म्हणजे इंजिन बंद पडणं वेगळं आणि फुटणं वेगळं. सुटलेलं पातं इंजिनाच्या आवरणाने अडवलंच पाहिजे, असा नियम आहे. चकतीचा तुकडा मात्र कुठलंच आवरण अडवू शकत नाही. म्हणून प्रत्येक चकतीची उड्डाणं मोजतात आणि ठरलेला आकडा भरला की ती दिसायला ठणठणीत असली तरी काढून टाकतात. आमच्या क्षेत्रात एवढी शिस्त कुणी पाळत नाही, असो.

आणि नीट निभावलेलं उदाहरण? १९ जून २०२२, पाटणा. स्पाइसजेटच्या बोइंगच्या डाव्या इंजिनाला पक्षी धडकला, ठिणग्या खालून लोकांना दिसल्या. कॅप्टन मोनिका खन्ना आणि सहवैमानिकाने ते इंजिन बंद करून १८५ प्रवाशांना त्याच आखूड रनवेवर सुखरूप उतरवलं.

तुमच्यावर वेळ आलीच तर मोठा आवाज होईल, विमान एका अंगाला झटका खाईल आणि कॉकपिटमधून बराच वेळ काहीच घोषणा होणार नाही. घाबरू नका. आधी विमान उडवायचं, मग दिशा ठरवायची, मग बोलायचं, हाच त्यांचा क्रम असतो. पट्टा बांधून बसा. उतरायला सांगितलं तर बॅग घेऊ नका, लॅपटॉपसुद्धा नाही!

काका पुण्याला जाऊन आले. म्हणे चहा महाग होता. पुढच्या भागात रनवेवर लिहिलेल्या त्या मोठ्या आकड्यांबद्दल बोलू.