देवळाची भिंत आणि शिल्पकार करमरकर

(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



श्रींच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. या मंगल प्रसंगी आपल्याच किनाऱ्यावरील एका कलावंताचे स्मरण करणे उचित होईल. कारण त्यांचे भाग्य उघडले ते देवळाच्या भिंतीपाशी.

मोऱ्याहून करंजाला जावे, तरीने खाडी ओलांडून रेवसला उतरावे, की पुढे मांडव्याच्या अंगाला सासवणे गाव लागते. तेथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती घडत. शाडूच्या गोळ्याला सोंड कशी फुटते, हे या मुलाने अक्षरओळख होण्याच्या वयातच पाहिले. हाताला खाज अशी की गावच्या देवळाची भिंतही सुटली नाही. तिच्यावर त्याने शिवछत्रपतींचे चित्र काढले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते चित्र पडले. या मुलाचे मोल त्यांनी ओळखले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी करून दिली.

पुढे कलकत्त्यास सुरेंद्रनाथ टागोरांचा आधार मिळाला, नंतर लंडनला जाऊन रॉयल ॲकॅडमीत शिक्षण झाले. पण सातासमुद्रापार शिकलेली विद्या त्यांनी इथल्याच मातीत रुजवली. १९२८ साली पुण्यात श्रीशिवाजी महाराजांचा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो करमरकरांच्या हातचा. माझगावच्या गोदीत तो ब्राँझमध्ये अखंड ओतला गेला. देवळाच्या भिंतीवर रेखाटलेले दैवत असे धातूत साकार झाले.

एवढी कीर्ती झाल्यावर दुसरा कोणी राजेरजवाड्यांच्या पुतळ्यांतच रमला असता. करमरकरांनी मोठ्या माणसांचे पुतळे केलेच, पण कोळीण, शेतकरी, गोठ्यातली म्हैस यांनाही त्याच निष्ठेने घडवले. त्यासाठी संगमरवराची वाट पाहिली नाही. ज्या सिमेंटने आपण विहिरीचा कठडा बांधतो, त्याच सिमेंटमध्ये त्यांनी जीव ओतला. कला म्हणजे काय, याचे उत्तर त्यांनी हातानेच दिले आहे. विषय थोर असावा लागत नाही, वस्तू महाग असावी लागत नाही. पाहणारी नजर खरी आणि हात कष्टाळू असला म्हणजे पुरे. आधी मातीत आकार द्यायचा, त्यावरून साचा घ्यायचा, मग ओतकाम. यातली एकही पायरी चुकवून चालत नाही. पद्मश्री किताब मिळालेल्या या शिल्पकाराचे १९६७ साली निधन झाले. सासवण्याच्या त्यांच्या घरातच आज त्यांचे शिल्पालय आहे.

सज्जनहो, हे सांगण्यास कारण आहे. नवे देऊळ झाले की जुने रंगकाम, जुने कोरीवकाम चुन्याखाली वा फरशीखाली जाते. दात्यांची नावे शिलेवर कोरली जातात, ती कोरलीच पाहिजेत. परंतु ज्या गवंड्याने कळस साधला, ज्या सुताराने चौकट घडवली, ज्या रंगाऱ्याने देवाचे डोळे उघडले, त्यांची नावे कोठेच उरत नाहीत. त्यांच्यासाठीही एक ओळ राखावी.

आणखी एक. नव्या रंगावर उद्या एखाद्या पोराने कोळशाने घोडा काढला, तर आपला हात आधी त्याच्या कानाकडे जाईल. तो क्षणभर आवरावा. घोडा नीट पाहावा. हवे तर सभामंडपाबाहेरची एक भिंत मुलांना द्यावी. सासवण्याला पारखी नजरेचा अधिकारी दौऱ्यावर आला, हा योग होता. दर गावाला तो लाभत नाही. तेथे ती नजर गावानेच ठेवावी लागते.

देवाचे घर आपण सुंदर केले. त्याच्या सावलीत गुणी हात वाढोत, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.