मोत्याचे वळण

(मंडळाच्या वर्धापनदिनी असोदा येथे केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी पाककृती, बचत, बालसंगोपन अशा विषयांवर भाषणे होतात. यंदा कार्यवाहबाईंनी मला आग्रह केला की, तुमच्या मोत्याला तुम्ही वळण कसे लावले ते सांगा. बहिणाबाईंच्या माहेरगावी उभे राहून कुत्र्याच्या शी-शूवर बोलायचे म्हणजे मला जरा संकोचच वाटतो. परंतु आमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात तीन घरी पिल्ले आली आणि त्यांतले एक महिन्याच्या आत परत गेले, ते केवळ घाण करते म्हणून. तेव्हा संकोच बाजूला ठेवते.

गेल्या वर्षी माघात माझा मुलगा पुण्याहून पामेरियन जातीचे पांढरे पिल्लू घेऊन आला. वय दोन महिने. ओंजळीत मावेल एवढे. सासूबाईंनी ते पाहिले मात्र, आणि म्हणाल्या, “काहाले आनलं हे घरात?” पहिल्याच रात्री त्याने देवघराच्या उंबऱ्याशी ओले केले. सकाळी निर्णय जाहीर झाला : गुढी उभारण्याच्या दिवसापर्यंत सुधारले तर ठीक, नाही तर त्याची रवानगी. मुलगा तर दोन दिवसांनी पुण्याला निघून गेला. मागे राहिलो मी आणि पिल्लू.

प्रथम मी काय केले ते प्रामाणिकपणे सांगते. मी त्याला मारले. त्याचे नाक त्या ओल्यात घासले. लहानपणी माहेरी तसेच पाहिले होते. परिणाम असा झाला की, मोत्या माझ्यासमोर करीनासा झाला आणि कपाटाच्या मागे जाऊन करू लागला. ‘येथे करू नये’ हे त्याला कळलेच नव्हते. ‘ही बाई पाहत असता करू नये’ एवढेच कळले होते! शेवटी लस टोचायला नेले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी माझी कानउघाडणी केली आणि नीट समजावून दिले.

कुत्रीण विते तेव्हा पहिले काही आठवडे पिल्लांची घाण ती स्वतः चाटून साफ करते. पिल्ले पायांवर उभी राहू लागली की आपणहून निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन करतात. निजायची जागा स्वच्छ ठेवणे हे त्यांच्या रक्तातच आहे. आपले सारे घर मात्र त्याला आपली निजायची जागा वाटत नाही. एवढ्याशा जिवाला ते रानासारखेच वाटते. म्हणून त्याला प्रथम एक लहानसे घर द्यावयाचे, आणि तेथून आपल्या घराचा एकेक कोपरा त्याच्या ओळखीचा करावयाचा.

शहरात यासाठी विकत पिंजरे मिळतात. मी मळ्यातले भरताची वांगी भरायचे कॅरेट घेतले, आडवे ठेवले आणि तोंडाला जाळीचे दार तारेने बांधले. आत जुने लुगडे अंथरले. माप एवढेच की, त्याला उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून निजता यावे. जागा मोठी दिली तर एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्यात घाण करते. पहिले चार दिवस दार लावलेच नाही. जेवण आत ठेवायचे. खाऊन बाहेर आले तर येऊ द्यायचे. मग पाच मिनिटे दार लावले, मग दहा. शिक्षा म्हणून मात्र त्यात कधीही कोंडू नये, नाही तर ते घर न राहता कोठडी होते.

कोंडण्याचा अवधीही बेताचाच हवा. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा जागेपणी दोन तासांवर कळ काढू शकत नाही, आणि लहान जातीचे तर त्याहून कमीच. नाइलाजाने त्याला आतच करावे लागले की ती उपजत स्वच्छता मोडते, आणि एकदा मोडलेली फार कष्टाने परत येते.

उठल्याबरोबर, खेळून झाल्यावर आणि जेवल्यावर पाव तासाच्या आत बाहेर न्यायचे. जागा एकच, शब्द एकच. केले रे केले की लगेच तेथेच शाबासकी आणि पोळीचा तुकडा. घरात येऊन दिलेली शाबासकी त्याला घरात आल्याबद्दल वाटते. एवढ्याशा पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडेथोडे खायला लागते. उपाशी राहिले तर ते मलूल होते. त्यामुळे या फेऱ्याही पुष्कळ होतात. हे काम नोकरीच्या बाईला एकटीने झेपणारे नाही, हे स्पष्टच सांगते.

आता ‘बाहेर’ म्हणजे कोठे? रस्त्यावर नव्हे. लशींचे सर्व डोस साधारण चार महिन्यांपर्यंत पुरे होतात. तोवर मोकाट कुत्री फिरतात त्या मातीतून पार्व्होसारखा रोग लागतो आणि पिल्लू हातचे जाते. मी परसात, भिंतीआड, घमेल्यात माती घालून ठेवली होती. तीन महिने झाले की पिसाळीची लस विसरू नये. ती आपल्या लेकराबाळांसाठीही आहे.

घरात चुकून झालेच तर न ओरडता पुसावे, साबणाच्या पाण्याने धुवावे आणि वर पाणी घातलेल्या सिरक्याचा हात फिरवावा. वास राहिला की पुन्हा तीच जागा. फिनेल मात्र नको. पिल्लू पाय चाटते.

रात्रीचा प्रश्न सुटला तो अनपेक्षित रीतीने. सासूबाई पहाटे चारला उठतात. मोत्याची कुंईकुंईही त्याच वेळची. एके दिवशी मला जाग आली तेव्हा सासूबाई परसात उभ्या, आणि घमेल्याकडे पाहत म्हणत होत्या, “कर बापा, लवकर कर!” मी गुपचूप परत जाऊन निजले. पाडव्याला गुढी उभारली, आणि रवानगीचा विषय कोणीच काढला नाही.

परंतु माझी खरी चूक पुढेच आहे. वैशाखात एका हळदीसाठी मी जळगावला गेले. मोत्या तोवर पाच महिन्यांचा झाला होता. तीन तास सहज राहील, म्हणून कॅरेट ओसरीत ठेवून दार लावले. तेव्हा तेथे सावली होती. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांस मी काय सांगावा! दुपार कलली, ऊन सरकले आणि नेमके कॅरेटवर आले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकूनच गार होते, आणि कोंडलेले असले की पळूनही जाऊ शकत नाही. सासूबाई झोपून उठल्या तेव्हा मोत्या जीभ बाहेर टाकून आडवा पडला होता, हाक मारली तरी मान उचलत नव्हता. त्यांनी रांजणातले पाणी पोटावर आणि पायांवर घातले, पंख्याखाली ओल्या फरशीवर ठेवले आणि शेजारच्या मुलाकडून मोटारसायकलीवर डॉक्टरांकडे पाठविले. बर्फ लावला नाही हे चांगले केले, असे डॉक्टर म्हणाले.  दोन दिवस सलाईन लावावे लागले.

मी घरी आले तेव्हा कॅरेट रिकामे होते. सासूबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते असे मला अजून वाटते.

त्यानंतर कॅरेट कायमचे माजघरात गेले, जेथे दिवसभर ऊन येत नाही. दाराची तार मी काढून टाकली. मोत्या आता दीड वर्षाचा आहे. दुपारी आपणहून आत जाऊन निजतो, आणि पहाटे चारला सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन उभा राहतो. आज मी त्याला घरी ठेवून आले आहे. सासूबाईच त्याच्यापाशी थांबल्या आहेत, म्हणून त्या आज सभेला दिसत नाहीत.