लूनेच्या इंजिनाचें हेड : कंपनीचें कीं बाजारचें?

नगरच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर, किंवा पुण्याच्या एखाद्या घराच्या जिन्याखालीं, पोत्यानें झांकून ठेवलेली एक लहानशी दुचाकी अजूनहि दृष्टीस पडते. तिला सायकलीसारखे पेडल असतात आणि त्यांच्याजवळच अवघ्या ५० घन सेंटिमीटरांचें इंजिन असतें. ही लूना. १९७२ सालीं हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग या नगरच्या कारखान्यानें ती बाजारांत आणली. सायकलीला इंजिनाची जोड देण्याची कल्पना युरोपांतली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्यें वेलोसोलेक्सनें आणि पुढें इटलींत पियाजिओच्या ‘चाव’ या गाडीनें ती घरोघर नेली. या चावच्या धर्तीवर लूना घडली, आणि शिक्षक, कारकून, दूधवाले व महाविद्यालयांत जाणाऱ्या मुली यांना परवडणारें वाहन मिळालें. पेट्रोलवरची लूना पुढें मागें पडली व तिचें उत्पादन थांबलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याच घराण्यानें विजेवर चालणारी ई-लूना आणली. परंतु पोत्याखालचें जुनें इंजिन ज्यांच्या घरीं आहे, त्यांच्यापुढें निराळाच प्रश्न आहे.

आजोबांची गाडी पुन्हां चालती करावी असें नातवाच्या मनांत येतें. गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री हेड उघडतो आणि दोन वाटा दाखवितो : कंपनीचें मूळचें हेड दुरुस्त करावें, किंवा बाजारांत मिळणारें नवें, ‘जादा ताकदीचें’ हेड बसवावें. दुसरी वाट तरुणाला साहजिकच मोह घालते. तो मोह कितपत खरा आहे, हें पाहण्यासाठीं हेडाचें काम काय तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

दोन धावांच्या या इंजिनाच्या डोक्यावर झडपा नसतात. त्यामुळें त्याचें हेड म्हणजे वरवर पाहतां अॅल्युमिनियमचें एक झांकण. त्याला बाहेरून उष्णता टाकणारीं पातीं, मधोमध प्लगचें भोंक, आणि आंतल्या बाजूला एक उथळ वाटी. पिस्टन वर आला म्हणजे पेट्रोल व हवा यांचें मिश्रण या वाटींत दाबलें जातें आणि तेथेंच तें पेटतें. वाटी जितकी लहान, तितका दाब अधिक. इंजिनाचा सारा स्वभाव या वाटीच्या मापांत दडलेला असतो.

थोडें गणित करूं. ५० घन सेंटिमीटरांच्या इंजिनांत दाबाचें प्रमाण सातास एक ठेवावयाचें, तर पिस्टनच्या वर सुमारें ८.३ घन सेंटिमीटर जागा लागते. तेंच नवास एक करावयाचें, तर ६.२५ पुरते. फरक दोन घन सेंटिमीटरांचा, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनहि कमी. सिलिंडरचा व्यास ३८ मिलिमीटर धरल्यास लेथवर १.८ मिलिमीटर धातु उतरविला कीं काम झालें! गॅसकेट अर्ध्या मिलिमीटरनें पातळ घातलें तरी या फरकाचा चौथा हिस्सा साधतो. म्हणूनच हेडाचें काम हलक्या हातानें होतें, आणि म्हणूनच तें बिघडतेंहि सहज.

यांतून लाभ किती? आदर्श यंत्राच्या गणितानें सातावरून नवावर गेल्यास कार्यक्षमता सुमारें ८ टक्क्यांनीं वाढते. प्रत्यक्षांत त्याहून कमीच वाढते. शिवाय दोन धावांच्या इंजिनाची ताकद प्रामुख्यानें सिलिंडरच्या खिडक्या, कार्बोरेटर आणि धुराची नळी यांवर ठरते. हीं जशींच्या तशीं ठेवून केवळ हेड बदलणें, म्हणजे घराचा दरवाजा तेवढाच ठेवून उंबरठा उंच करण्यासारखें आहे.

उलटपक्षीं हानि मोठी असूं शकते. दाब वाढला कीं उष्णताहि वाढते. मग ठिणगीनें लागलेली ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच कडेचें मिश्रण स्वतः पेट घेतें. इंजिनांतून खडखड ऐकूं येते, तिलाच मिस्त्री नॉकिंग म्हणतात. ती चालूं राहिली तर पिस्टनचा माथा झिजतो, भोंक पडतें, अथवा पिस्टन सिलिंडरांत जॅम होतो. नगरच्या उन्हांत, दोन माणसें किंवा दुधाच्या किटल्या घेऊन चढ चढणाऱ्या गाडीवर हा ताण अधिकच येतो. कारखान्यानें मूळचा दाब बेताचा ठेवला, तो अशा वापराकडे आणि त्या काळच्या पेट्रोलकडे पाहूनच, असें मानणें रास्त ठरेल.

तथापि बाजारचें प्रत्येक हेड वाईट, असें मात्र नाहीं. पातीं मोठीं असलीं तर इंजिन थंड राहतें. वाटीच्या कडेला पिस्टनशीं जवळून जुळणारी सपाट पट्टी असली, तर मिश्रण मध्याकडे ढकललें जाऊन जलद जळतें आणि नॉकिंग उलट कमी होतें. इंग्लंडांतील हॅरी रिकार्डो यांनीं पहिल्या महायुद्धानंतर हेंच तत्त्व चार धावांच्या इंजिनांत वापरून दाखविलें होतें. चांगलें घडविलेलें हेड मूळच्याहून सरस ठरूं शकतें. अडचण अशी कीं, पेटींतलें हेड चांगलें घडलें आहे कीं नाहीं, हें डोळ्यांना कळत नाहीं.

तें मोजून मात्र कळतें. नळीनें मापून तेल ओतलें कीं वाटीचें आकारमान समजतें. पिस्टनवर नरम कथिलाची तार ठेवून इंजिन हातानें फिरविलें, म्हणजे चेपलेल्या तारेच्या जाडीवरून कडेची फट समजते. हेडाची बैठक कांचेच्या सपाट तुकड्यावर टेकवून पाहिली कीं वांक दिसतो. जो मिस्त्री हें केल्यावांचून हेड बसवितो, त्याच्या हातीं गाडी देऊं नये.

आतां पेट्रोलची गोष्ट. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. अशा कारखान्यांच्या मळीपासून होणारें इथेनॉल आज पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें. इथेनॉल नॉकिंगला आळा घालतें. तेव्हां दाब वाढवावयास हरकत नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु इथेनॉलला जळण्यासाठीं हवा कमी लागते आणि जुन्या कार्बोरेटरचा जेट ठराविक मापाचा. त्यामुळें मिश्रण पातळ होतें व इंजिन तापतें. जेट थोडा मोठा न करतां दाब वाढविणें हें एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेणें होय.

तेव्हां निर्णय कसा करावा? मूळचें हेड तडकलेलें नसेल तर तेंच ठेवावें. सांचलेला कार्बन लांकडी पट्टीनें खरवडावा. प्लगचे आटे गेले असल्यास नव्या आट्यांची बुशी बसवावी. हेड कामांतून गेलेंच असेल, तर बाजारचें घेण्यास संकोच नको. मात्र त्याचें माप मूळच्याशीं ताडून घ्यावें. प्रयोगाची हौस असली तर ती दुसऱ्या हेडावर भागवावी. कारण लेथवर उतरविलेला धातु परत चढविता येत नाहीं, आणि मूळचें हेड आतां पुन्हां घडणार नाहीं. तें पुसून, तेल लावून, कापडांत गुंडाळून ठेवावें. नातवाची हौस फिटल्यावर त्याच्या मुलाला आजोबांची लूना जशी होती तशी चालवून पाहावीशी वाटली, तर तेवढी सोय घरांत असावी.