शब्दांचं कोठार
मुलांनो, दहावीनंतर सायन्स घेतलंत की पुस्तकं एकदम इंग्रजीत येतात. हुशार मुलंही तिथे गप्प बसतात. इंजिनिअरिंगला मी अशी बरीच पाहिली. म्हणून आतापासूनच शब्द जमवा, पण यादी घोकून नको. आपल्या पन्हाळ्याचा अंबरखाना घ्या. धान्याचं कोठार म्हणजे ‘ग्रॅनरी’. ‘ग्रेन’ त्याच कुळातला. ‘मॅगझीन’ तर कोठाराच्या अरबी ‘मखजन’वरून आला, म्हणून दारूगोळ्याचं कोठारही मॅगझीन आणि मासिकही! मी रोज वापरतो तो ‘अल्गोरिदम’ ९व्या शतकातल्या गणिती अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून. शब्द भेटला की वहीत त्याचं स्वतःचं एक वाक्य लिहा. आज तीन दरवाजावर करा. चुकलं तरी उद्या सरांना दाखवा.